दीपनगरच्या दिव्याखाली

भुसावळ स्थानक सोडून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात आभाळात घुसलेली धुराडी दिसू लागतात. अनोळखी प्रवासी शेजाऱ्याला विचारतो, "हे कोणते गाव?" शेजारी सांगतो, "दीपनगर." दिव्यांचे नगर! नावाची ही गोडी आम्हालाही मोहात पाडते. महाराष्ट्राच्या घराघरांत संध्याकाळी जो दिवा लागतो, त्याच्या वातीचे एक टोक या खानदेशी मातीत आहे, याचा येथील माणसाला अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु दिव्याखाली अंधार असतो, असे आपले पूर्वज सांगून गेले. तो अंधार किती आणि कोणाच्या वाट्याचा, हे विचारणे आता टाळता येणार नाही. उत्सवात आरती ओवाळली जात असताना तेलाचा हिशेब मागणारा माणूस कोणालाच आवडत नाही. तो अप्रियपणा पत्करून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दीपनगरचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, तेव्हा त्याची शक्ती साठ-बासष्ट मेगावॅट होती. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये दोनशे दहा मेगावॅटचे दोन संच आले. या शतकाच्या दुसऱ्या दशकात पाचशे मेगावॅटचे दोन संच उभे राहिले आणि अलीकडे त्यांत ६६० मेगावॅटच्या सहाव्या संचाची भर पडली. अर्धशतकात एका केंद्राची भूक अनेक पटींनी वाढली. ती किती, याचा अंदाज साध्या अंकगणिताने बांधता येतो. कोळशापासून एक युनिट वीज काढण्यासाठी सर्वसाधारणपणे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. पाचशे मेगावॅटचे दोन संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर त्यांना पंधरा हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. म्हणजे रोज मालगाडीचे चार रेक. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असते, तेव्हा मागे उरणारी राख रोज पाच हजार टनांच्या घरात जाते. आणि पाणी? केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना जी कमाल मर्यादा घालून दिली, ती एका युनिटमागे साडेतीन लिटरची. या हिशेबाने त्या दोन संचांना दिवसाला आठ कोटी चाळीस लाख लिटर पाणी वापरण्याची मुभा मिळते. खेड्यातील माणसाला दररोज पंचावन्न लिटर नळाचे पाणी द्यावे, असे सरकारचेच उद्दिष्ट आहे. तेव्हा दोन संचांची ही मुभा पंधरा लाख माणसांच्या पाण्याएवढी झाली. हे पाणी हतनूरच्या धरणातून, म्हणजे तापीमाईच्या ओंजळीतून येते.

त्याच डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने धुरातील गंधकाला आवर घालण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली, आणि अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य कोळसा-केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूटच देण्यात आली. या सुटीचा मुख्य निकष ऐकण्यासारखा आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर जवळ असेल, तर नियम कडक. तसे शहर जवळ नसेल आणि हवा आधीच अतिप्रदूषित म्हणून जाहीर झालेली नसेल, तर नियम सैल. म्हणजे श्वासाचे मोल शिरगणतीवर ठरले! महानगरात राहणाऱ्याचे फुप्फुस आणि खेड्यात राहणाऱ्याचे फुप्फुस देवाने वेगवेगळ्या मातीचे घडवले, असा शोध कोणत्या शास्त्राने लावला, हे कोणी सांगेल काय?

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही विजेचे शत्रू नाही. आमच्या मंदिरातील पंखे विजेवर फिरतात आणि हा लेख आम्ही विजेच्या दिव्याखाली लिहीत आहोत. खानदेशातील शेतकरी रात्री दोन वाजता पंपाची वीज येण्याची वाट पाहत बांधावर बसतो, तेव्हा त्याच्यापुढे विजेविरुद्ध प्रवचन झोडणे हा क्रूरपणा ठरेल. आमच्याच श्रद्धावंतांपैकी एका कुटुंबाचा कर्ता पुरुष कंत्राटी कामगार म्हणून राबतो. रविवारच्या मिस्सानंतर त्याने आम्हाला थांबवून विचारले, "फादर, तुम्ही प्रवचनात सृष्टीची काळजी घ्या म्हणालात. पण उद्या ही धुराडी बंद झाली, तर आमची चूल कशाने पेटणार?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी परतलो. पण तो प्रश्न आमच्या पाठोपाठ घरात आला आणि अजून गेलेला नाही. या लेखाचा जन्म त्या प्रश्नातून झाला आहे.

आमचा वाद यंत्राशी नसून एका अंधश्रद्धेशी आहे. तिचे नाव अखंड वाढ. उत्पादन वाढले पाहिजे, खप वाढला पाहिजे, मागणी वाढली पाहिजे, आणि ही वाढ कधी थांबता कामा नये. 'पुरे' हा शब्द या पंथात पाखंड मानला जातो. या पंथाला स्वतःचे पुरोहित आहेत, स्वतःचे सण आहेत, आणि नरबळीही आहेत. आपल्या धर्मावर अंधश्रद्धेचे आरोप करणारे विद्वान या नव्या देवतेपुढे मात्र हात जोडून उभे राहतात, याची आम्हाला मौज वाटते.

या देवतेचा हिशेब कसा चालतो, पाहा. गावाची विहीर भरलेली असते, बाया पोहऱ्याने पाणी शेंदतात, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत एक पैशाचीही नोंद होत नाही. विहीर आटते, टँकर येतो, डिझेल जळते, बिल निघते, आणि वही फुगते. दूषित पाण्याने पोर आजारी पडते, औषधे विकली जातात, वही आणखी फुगते. गाव भिकेला लागले, पण आकडा वाढला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच बजावले होते, की या आकड्यावरून जनतेचे कल्याण ताडू नये. शिष्यांनी गुरूची वही उचलली आणि इशारा जागीच सोडून दिला.

खानदेशाने या हिशेबाची किंमत आपल्या जमिनीच्या पोटातून चुकती केली आहे. यावल आणि रावेर हे केळीचे तालुके. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा नि वाळूचा जाड थर आहे. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि खाली साठवतो. हे निसर्गाने युगानुयुगे भरलेले रांजण. विजेचे पंप आले, बाजार आला, आणि आपण दोन पिढ्यांत त्या रांजणाचा तळ गाठायला निघालो. आज हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. केळी पिकवणारा शेतकरी दोषी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज, हप्ता आणि भाव या तीन चाकांना जुंपलेला माणूस थांबेल कसा? त्याला थांबू न देणारी व्यवस्था दोषी आहे. तिचा उपायही तिच्यासारखाच. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार केला. रांजण पुन्हा भरला जावा, अशी आमचीही प्रार्थना आहे. पण उपसा किती करायचा, हे ठरल्यावाचून भरलेला रांजण पुन्हा रिता होण्यास किती काळ लागेल? आणि महाकाय योजनांचा खानदेशाचा अनुभव काय सांगतो? पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाची वाट पाहण्यात पाव शतकाहून अधिक काळ निघून गेला.

जुन्या करारातील नाबोथाची कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहे. राजवाड्यालगत त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीपाला लावावासा वाटला. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, रोख किंमत देऊ केली. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची ठेव होती. पुढे राणीने कायद्याचा देखावा उभा केला, खोटे साक्षीदार आणले, आणि नाबोथ दगडांखाली गेला. अशा कथा आपण वेदीवरून वाचतो आणि प्राचीन म्हणून सोडून देतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात विखरण नावाचे गाव आहे. तेथील धर्मा पाटील या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याची पाच एकर बागायती जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. आंब्याची झाडे असलेल्या त्या जमिनीचा मोबदला त्यांच्या हाती आला सुमारे चार लाख रुपये. शेजारच्यांना मिळालेल्या रकमा याहून कितीतरी मोठ्या होत्या. न्यायासाठी या वृद्धाने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला प्राण सोडला. नाबोथाने किंमतच नाकारली होती. धर्मा पाटलांनी तर फक्त रास्त किंमत मागितली होती. तीही जिवंतपणी मिळाली नाही.

आणि हा प्रकल्प कोळशाचा नव्हता, सूर्याच्या विजेचा होता. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. सूर्याने धूर सोडला नाही, परंतु माणूस तरीही मेला. इंधन बदलले आणि वृत्ती तीच राहिली, तर अहाबाच्या जागी दुसरा अहाब येतो, एवढेच. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा वनजमिनीवरून आदिवासींचा संघर्ष पेटलाच. म्हणूनच 'कोळसा की सूर्य' या प्रश्नाआधी आम्हाला दुसरे प्रश्न विचारावेसे वाटतात. निर्णय कोणाचा? गरज कोणाची? त्याग कोणाचा?

"मग पर्याय काय?" असे विचारून आमचे विरोधक विजयी मुद्रेने हसतात. पर्याय नाही, हा त्यांचा बीजमंत्र. आम्ही त्यांना लांब नेत नाही, याच खानदेशात फिरवून आणतो.

पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षे फड पद्धत नांदली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक आणि दरवर्षी पिकांची फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. या शेवटच्या नियमातले शहाणपण पाहा. पाऊस कमी झाला, तर गाव ठरवी की यंदा इतकेच फड भिजवायचे. प्रत्येकाची जमीन त्या फडांतही असल्याने पाणी कमी झाले तरी सर्वांचेच सारखे कमी होई. कोणाचा मळा हिरवा आणि कोणाचा करपलेला, असे घडत नसे. पाणी पाळीने सोडायला पाटकरी, पिके राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना धान्यात, आणि बंधाऱ्याची डागडुजी सर्वांनी मिळून करायची. ना अभियंत्यांचे खाते, ना जागतिक बँक. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, प्रवाह अडला, नगदी पिकांची घाई आली, आणि बहुतेक फड मोडले. पद्धत निकामी होती म्हणून ती मेली नाही. वरून पाणी तोडले गेले आणि खालून लोभ सुटला, म्हणून ती मेली.

साक्री तालुक्यातले बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटे गाव. १९९० च्या सुमारास भोवतालचे डोंगर उघडे पडले होते आणि बायांना पाण्यासाठी पायपीट होती. चैत्राम पवार या तरुणाने गाव एकत्र केले. कुऱ्हाड थांबवली, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणीला गावचीच माणसे बसवली, दगडमातीचे बांध घातले. आज चारशे हेक्टरांहून अधिक जंगल गावाच्या राखणीत उभे आहे. विहिरींना पाणी आले आणि शेजारच्या गावांनाही त्यातून दिले गेले. २००४ पासून तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया शहरातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना भाज्यांची नावे शिकवतात. २०२५ मध्ये सरकारने चैत्राम पवारांना पद्मश्री दिली. आमच्या काही वाचकांच्या कपाळाला येथे आठी पडेल, हे आम्ही जाणतो. पवारांचे काम वनवासी कल्याण आश्रमाशी जोडलेले आहे, आणि त्या संघटनेचे नि आपल्या मिशनकार्याचे मतभेद जगजाहीर आहेत. ते मतभेद आम्ही लपवत नाही आणि सोडूनही देत नाही. परंतु चांगले फळ शेजाऱ्याच्या बागेत आले म्हणून ते कडू ठरवावे, ही शिकवण आमच्या प्रभूची नव्हे. शोमरोनी माणसाची गोष्ट सांगताना त्याने श्रोत्यांना हेच तर सुनावले होते.

धुळे तालुक्यातील लामकानीचेही तसेच. रोगनिदानाचा व्यवसाय करणारे डॉ. धनंजय नेवाडकर यांनी या शतकाच्या आरंभी गावकऱ्यांना हाताशी धरून माळावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, चर खणले. अवर्षणाच्या त्या प्रदेशात गवत उगवले, मातीने पाणी धरले. गवत! विकासाच्या कोणत्याही कोनशिलेवर हा शब्द कोणी कोरणार नाही. पण गवत म्हणजे दूध, शेण, ओल, आणि दुष्काळात न विकलेली गाय.

आता एक कडू गोष्ट. नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव या नर्मदा खोऱ्यातल्या आदिवासी गावात २००३ मध्ये धबधब्याच्या पाण्यावर छोटे वीजकेंद्र उभे राहिले. नर्मदा बचाव आंदोलन, काही तरुण अभियंते आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून ते घडले. स्वातंत्र्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी त्या झोपड्यांत दिवा लागला, तोही गावाच्या मालकीचा. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची वाढली आणि त्या पाण्याने हे छोटे केंद्र गिळले. ज्या गावाने स्वतःची वीज स्वतः निर्माण केली, त्याची वीज दूरच्या प्रदेशांना पाणी आणि वीज देण्यासाठी बुडाली. पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, पर्याय नव्हता की तो बुडवला गेला?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की ही सारी उदाहरणे चिमुकली आहेत आणि देश एवढ्याशा बारीपाड्यांवर चालणार नाही. याला आमचे उत्तर असे, की फड पद्धत चिमुकली नव्हती, ती अनेक नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालली. आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर त्या वाटेने विदर्भातील शेकडो गावे गेली. लहान गोष्ट मोठी होण्याचा एकच मार्ग आपल्याला ठाऊक आहे, तो म्हणजे एकाच धुराड्याची उंची वाढवणे. बीज मात्र दुसऱ्या रीतीने वाढते. ते पसरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाव म्हणजे जात, गाव म्हणजे भूमिहीनाची लाचारी, तुम्ही गावगाड्याचे गोडवे का गाता, असा तो आक्षेप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाविषयी दिलेला इशारा आम्ही विसरलेलो नाही. फडात पाण्याची समता होती ती जमीनवाल्यांपुरती. जागल्याला धान्य मिळे, पाण्यावर हक्क मिळत नसे. म्हणूनच जुने जसेच्या तसे परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता घरातील माणसांवर ठरला, भूमिहीनालाही त्याचा वाटा मिळाला, आणि उसाला मनाई झाली. फडाने शिकवलेला संयम आणि पाणी पंचायतीने शिकवलेली समता यांचा मिलाफ झाला, तर जो गाव उभा राहील त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती वाटेल ती ज्यांचे पोट इतरांच्या वाट्यावर वाढले त्यांना.

तिसरा आक्षेप आमच्या त्या कामगार बंधूचा, आणि तो आक्षेप नसून आर्त हाक आहे. त्याला आमचे उत्तर आता असे. ज्यांनी आयुष्यभर कोळसा हाताळून आपल्याला उजेड दिला, त्यांच्या पोटावर पाय देऊन पृथ्वी वाचवणे हा न्याय नव्हे. संच जुने होतात, बंद होतात. येथला पहिला संच कधीच इतिहासजमा झाला. उद्याही संच बंद होतील, कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर हिशेबाने. तेव्हा कायम कर्मचाऱ्यांची बदली होईल, पण कंत्राटी कामगाराला कोण विचारील? म्हणून पुढच्या बदलाची तयारी आजच, त्याच्यासह व्हावी. छपरांवरची वीज, पाझर तलावांची कामे, राखेने व्यापलेल्या जमिनीची दुरुस्ती, यांत त्याच्या हातांना पहिला मान मिळावा. ज्या प्रदेशाने सर्वाधिक सोसले, त्याचा त्या पैशावर पहिला हक्क आहे. हे दान नव्हे, ऋणफेड आहे.

दीपनगरपासून फार दूर नसलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांच्या कलादृष्टीने बांबूंतून नगर उभे राहिले, आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते खुले झाले. त्या ग्रामोद्योग संघाचा वर्ध्यातील आधारस्तंभ होता एक ख्रिस्ती माणूस, जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबशास्त्र आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेल्या या विद्वानाने खादी पत्करली. तुरुंगात असताना त्यांनी दोन ग्रंथ लिहिले, एक प्रभू येशूच्या आचारविचारांवर आणि दुसरा चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. निसर्गाच्या साठ्याला ओरबाडणारे अर्थकारण आणि त्याच्या चक्राबरोबर चालणारे अर्थकारण, हा भेद त्यांनी 'पर्यावरण' हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वी मांडला. आमच्या किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते? आमच्या किती सेमिनरींत त्यांचा ग्रंथ शिकवला जातो? आमच्या विद्यार्थिदशेत तरी आम्हाला तो कोणी शिकवला नाही. मोठेपणी आम्ही स्वतःच शोधून तो वाचला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आले, तेव्हा आम्ही रोमकडे पाहून टाळ्या वाजवल्या. त्याआधी सत्तर वर्षे वर्ध्याहून आलेली हाक आमच्या कानी पडली नव्हती.

तेव्हा आता बोट स्वतःकडे वळवू. चर्चची इमारत जुनी झाली नसताना ती पाडून भव्य बांधण्याची हौस कोणाला आहे? सणाला विजेच्या माळांची रोषणाई शेजारच्या धर्मग्रामापेक्षा एक तरी जास्त हवी, ही ईर्षा कोणाची? संस्थेच्या आवारात फरसबंदी करून पावसाचा थेंब मुरू न देता आपण कूपनलिका किती खोल नेतो? वाढीचा पंथ आमच्या वेदीपर्यंत आला आहे. वसईकर वाचकांना आठवत असेल, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला, तेव्हा धर्मगुरूने या भानगडीत पडू नये, असे सांगणारे बाहेरचेच नव्हते, घरचेही होते. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. श्रद्धांजली आपण सर्वांनी वाहिली. त्यांच्या लढ्याचा वारसा घेण्यासाठी रांग लागलेली आम्ही तरी पाहिली नाही.

आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक धर्मग्रामाने यंदा आपल्या आवाराचा पाण्याचा आणि विजेचा ताळेबंद मांडावा आणि तो मंदिराच्या दारावर लावावा. ग्रामसभेला आपल्या माणसांनी जावे, केवळ दाखल्यापुरते नव्हे, तर वनहक्काचा आणि पाण्याचा विषय मांडण्यासाठी. सातपुड्यातील आपल्या मिशन केंद्रांनी पेसा आणि वनहक्क हे कायदे धर्मशिक्षणाइतक्याच निष्ठेने शिकवावेत. २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरींना आवर घातला आहे. निदान ख्रिस्ती संस्थांनी तरी तो मोडू नये. आणि ज्या ज्या गावात फडासारखी, बारीपाड्यासारखी काही जित्या शहाणपणाची खूण उरली आहे, तेथे आपले तरुण घेऊन जावे, शिकवायला नव्हे, शिकायला.

वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा एक अट होती. ज्याला जेवढे लागेल तेवढेच त्या दिवसापुरते गोळा करायचे. ज्यांनी लोभाने रात्रीसाठी राखून ठेवले, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे झाले. देवाने आपल्या प्रजेला कायदे देण्याआधी मोजमाप शिकवले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. 'पुरे' हा शब्द उच्चारायला शिकलेली प्रजाच स्वातंत्र्याला लायक ठरते.

त्या कामगार बंधूची आणि आमची परवा पुन्हा भेट झाली. त्याच्या घराच्या पन्हळीखाली त्याने एक जुना पिंप ठेवला होता, छपराचे पाणी धरायला. "फादर, एवढ्याने काय होणार?" तो हसून म्हणाला. आम्ही म्हणालो, "पिंप भरला, की शेजाऱ्याला दाखव." दीपनगरची धुराडी मागे दिसत होती. संध्याकाळ झाली होती आणि दिवे लागत होते.